भाड्याच्या घरात छुपा कॅमेरा किंवा मायक्रोफोन आहे का, हे कसे तपासावे?

प्रश्न : भाडेकरू_पौडरोड

नमस्कार. पुण्यात एका फर्निश्ड वन बीएचके सदनिकेत मी ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर एकटी राहते. मालक वयस्कर असून शहराच्या दुसऱ्या भागात राहतात आणि त्यांच्या वागण्याबोलण्यात मला आजवर वावगे काही दिसलेले नाही. मात्र अलीकडे फोनवर बोलताना त्यांच्या तोंडून अशा काही गोष्टी आल्या, ज्या त्यांना ठाऊक असण्याचे कारण मला समजत नाही. "हल्ली फार पहाटे उठावे लागते वाटते" असे ते एकदा सहज म्हणाले, आणि नंतर एकदा "परवा पाहुणे बरेच होते ना?" असे त्यांनी विचारले. यातले काहीही मी त्यांना सांगितले नव्हते आणि मजल्यावर माझी कोणाशी फारशी ओळखही नाही.

बेडरूमच्या पीओपीच्या छतावर पांढरा गोल स्मोक डिटेक्टर आहे. हॉलमध्ये मालकांचेच, कायम प्लगला जोडलेले डिजिटल घड्याळ आहे. इंटरनेट भाड्यात धरलेले असून राउटरही त्यांचाच आहे. मी ऑनलाइन एक स्वस्तातले कॅमेरा शोधणारे यंत्र मागवले. ते फ्रिजजवळ वाजते, पलंगाजवळ वाजते आणि बाल्कनीतल्या तुळशीजवळही वाजते. या यंत्रावर कितपत विश्वास ठेवावा, घर कोणत्या क्रमाने तपासावे आणि खरोखरच काही सापडले तर पुढे काय करावे, हे जाणकारांनी सांगावे. पुराव्याशिवाय कोणावर आळ घेण्याची माझी इच्छा नाही.


प्रतिसाद १ : सोल्डरवाला

आपले यंत्र तुळशीजवळ वाजते याचा अर्थ ते बिघडलेले आहे असा नव्हे, कारण त्याची बांधणीच तशी आहे. या स्वस्त यंत्रांत अँटेना, साधा डायोड आणि प्रवर्धक एवढाच ऐवज असतो. आसपासच्या सर्व रेडिओलहरींची एकत्रित ताकद ते मोजते, आणि ती लहर कोठून व कशासाठी आली हे सांगण्याची त्याची पात्रता नसते. मोबाइलचा मनोरा, शेजाऱ्यांचा वायफाय आणि आपल्याच खिशातला फोन हे सगळे त्याच्या दृष्टीने सारखेच. ते वापरायचेच असेल तर सर्व फोन विमान मोडवर टाकावेत, राउटर बंद करावा, यंत्राची संवेदनक्षमता तुळशीजवळही ते गप्प बसेल इतकी खाली आणावी आणि मग प्रत्येक संशयित वस्तूपासून वीतभर अंतरावर हळूहळू फिरवावे. मात्र राउटर बंद असताना त्याच्यावर अवलंबून असणारा कॅमेराही काही पाठवत नसतो, म्हणून हीच फेरी राउटर चालू ठेवून आणि त्याच्यापासून दूर असलेल्या वस्तूंभोवती पुन्हा करावी लागते. शिवाय जो कॅमेरा मेमरी कार्डावरच चित्रण साठवतो आणि काहीच प्रक्षेपित करत नाही, त्याच्यासमोर हे यंत्र पूर्णपणे मुके राहते. म्हणून ते वाजले तर घाबरू नये आणि वाजले नाही तर निश्चिंतही होऊ नये.

माझ्या मते शोधाची सुरुवात यंत्रापासून करूच नये, विजेपासून करावी. सतत चित्रण करून वायफायवर पाठवणारा छोटा कॅमेरा साधारणपणे एक ते दोन वॅट वीज खातो. १०,००० मिलिअँपिअर तासांच्या पॉवर बँकेत सुमारे ३७ वॅट तास ऊर्जा असते. म्हणजे दीड वॅटच्या कॅमेऱ्याला ती जेमतेम एक दिवस पुरेल. हालचाल झाली की जागे होणारे कॅमेरे बॅटरीवर जास्त दिवस काढतात, हे खरे. पण महिनोन् महिने पाळत ठेवायची तर कोणीतरी येऊन बॅटरी बदलली पाहिजे किंवा उपकरणाला घरातली कायमची वीज मिळाली पाहिजे. आपण एकट्या राहता आणि मालक घरात येत नाहीत, हे गृहीत धरले तर शोध बराच आक्रसतो. घरात कायम वीज घेणाऱ्या वस्तूंची यादी करावी. त्यात ॲडॉप्टर, घड्याळ, सेट टॉप बॉक्स, टीव्ही, एसी, राउटर, गिझर, एक्झॉस्ट फॅन, पीओपीतले दिवे, नाइट लॅम्प, मॉड्युलर स्विचबोर्डच्या प्लेटा आणि दारावरची बेल हे सगळे आले. प्रत्येकीविषयी एकच प्रश्न विचारावा, की ही वस्तू येथे कशासाठी आहे आणि तिचे सांगितलेले काम ती खरोखर करते का. जे चार्जर कधी कोणी वापरत नाही पण कायम भिंतीत खोचलेले असते, ते आधी काढून ठेवावे.

दुसरी गोष्ट दृष्टिरेषेची. कॅमेऱ्याला आपण दिसायचे असू तर आपल्यालाही त्याचे भिंग दिसले पाहिजे. मध्ये फार तर काळसर प्लास्टिक किंवा आरसा असू शकतो. म्हणून घरभर हिंडून वस्तू न्याहाळत बसण्यापेक्षा पलंगावर, कपडे बदलण्याच्या जागी आणि न्हाणीघरात उभे राहून किंवा बसून पाहावे, की येथून कोणकोणत्या वस्तूंची तोंडे माझ्याकडे आहेत. पलंगाकडे तोंड केलेले घड्याळ आणि कपाटामागे लपलेले सॉकेट यांना सारखाच वेळ देण्याचे कारण नाही.

त्यानंतर अंधार करून टॉर्च घ्यावा. टॉर्च डोळ्याच्या अगदी शेजारी, नजरेच्या रेषेत धरावा लागतो, कारण भिंगावर पडलेला प्रकाश आला त्याच दिशेने परत जातो आणि टॉर्च कमरेशी धरला तर ती चमक डोळ्यापर्यंत पोहोचतच नाही. दोन-तीन मीटरहून लांब न जाता, एकेक वस्तू वेगवेगळ्या कोनांतून सावकाश पाहावी. स्क्रूची किंवा चकचकीत प्लास्टिकची चमक आपण हललो की सरकते किंवा विझते. भिंगाची चमक मात्र बारीक टिंबासारखी एकाच ठिकाणी टिकते आणि तिच्यात बरेचदा निळसर किंवा लालसर झाक असते. छिद्र एक-दोन मिलिमीटरचेच असते, त्यामुळे घाईने फिरवलेल्या प्रकाशात ते हमखास निसटते. हे काम कंटाळवाणे आहे, पण स्वस्त यंत्रापेक्षा कितीतरी अधिक भरवशाचे आहे.

अंधारात पाहणाऱ्या कॅमेऱ्यांत अवरक्त दिवे असतात. ८५० नॅनोमीटरचे दिवे नुसत्या डोळ्यांनाही मंद लाल दिसतात, ९४० नॅनोमीटरचे दिसत नाहीत, पण फोनच्या कॅमेऱ्यात ते बहुधा जांभळट पांढरे उमटतात. आधी टीव्हीचा रिमोट फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावे. दिवा दिसला तर तो फोन या कामाचा आहे. बऱ्याच फोनांच्या मागच्या कॅमेऱ्याला अवरक्त किरण अडवणारी गाळणी असल्यामुळे पुढच्या कॅमेऱ्याने प्रयत्न करावा. अर्थात सुईच्या छिद्रामागच्या अनेक कॅमेऱ्यांत असे दिवे नसतातच.

स्मोक डिटेक्टरविषयी थोडेसे. खऱ्या डिटेक्टरला धूर आत शिरण्यासाठी कडेने फटी असतात, तपासणीचे बटण असते आणि अधूनमधून लुकलुकणारा लहान लाल दिवा असतो. तो दिवा म्हणजे कॅमेरा नव्हे. खाली तोंड केलेले आणखी एखादे काळे छिद्र असेल, फटी नुसत्या नक्षीपुरत्या असतील किंवा बटण दाबून काहीच होत नसेल तर संशयाला जागा आहे. आरशाला नख लावून मधले अंतर पाहण्याची जी युक्ती सगळीकडे फिरते, ती मात्र सोडून द्यावी. दर्शनी बाजूला पारा असलेले साधे आरसेही असतात, त्यामुळे नख काहीच सिद्ध करत नाही. खोली अंधारी करून टॉर्च काचेला टेकवून पाहिले, तर पलीकडे पोकळी असल्यास ती दिसते.


प्रतिसाद २ : पॅकेटमोजणी

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. राउटर मालकांचा आहे, हे या प्रश्नातले सर्वांत बोलके वाक्य आहे आणि त्याकडे दुर्लक्ष होऊ नये असे वाटते.

राउटरच्या व्यवस्थापन पानावर, म्हणजे बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ या पत्त्यावर, जोडलेल्या उपकरणांची यादी असते. पासवर्ड राउटरच्या तळाशी छापलेला असतो. तो बदललेला असेल तर फोनवर फिंगसारखे ॲप टाकून तीच यादी मिळते. यादीतील प्रत्येक उपकरणाला मॅक पत्ता, म्हणजे आकडे-अक्षरांचा ओळखक्रमांक, असतो आणि त्याच्या पहिल्या सहा अक्षरांवरून नेटवर्क चिप बनवणारी कंपनी कळते. आजकालचे फोन मात्र स्वतःचा पत्ता मुद्दाम बनावट ठेवतात. पत्त्याचे दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनावट पत्ता समजावा आणि कंपनीच्या शोधात वेळ घालवू नये. अनोळखी नाव दिसले तर घरातली एकेक वस्तू बंद करत जावी आणि कोणती बंद केल्यावर ते नाव यादीतून जाते ते पाहावे. यादीतून नाव जायला काही मिनिटे लागतात, म्हणून घाई करू नये.

राउटरवर प्रत्येक उपकरणाने किती माहिती बाहेर पाठवली याचा हिशेब दिसत असेल तर तो जरूर पाहावा. सतत चित्रण पाठवणारा साधा कॅमेरा सेकंदाला सुमारे दोन मेगाबिट खर्च करतो, म्हणजे तासाला जवळजवळ एक जीबी. घरातली बहुतेक उपकरणे माहिती आत घेतात, बाहेर फारशी पाठवत नाहीत. त्यामुळे आपण कामावर असताना कोणी रोज दहा-वीस जीबी बाहेर पाठवत असेल तर ते लपत नाही. मात्र स्वतःचे सिम असलेला किंवा शेजारच्या नेटवर्कवर बसलेला कॅमेरा या यादीत येणारच नाही. म्हणजे यादी स्वच्छ निघाली तरी टॉर्चचे काम टळत नाही.

राउटरचे खाते मालकांकडे असेल तर आपण कोणत्या संकेतस्थळांवर जाता आणि आपला फोन घरच्या वायफायला कधी जोडला जातो, हे त्यांना त्यांच्या घरी बसून दिसू शकते. संदेशांतला किंवा पानांवरचा मजकूर दिसत नाही, कारण तो सांकेतिक स्वरूपात जातो. पण येण्याजाण्याच्या वेळा कळायला मजकूर लागत नाही. आपण हा धागाही मोबाइल डेटावरूनच वाचावा.

आता मूळ शंकेकडे वळतो. मालकांना दोन गोष्टी कळल्या. आपण पहाटे उठता आणि घरी पाहुणे आले होते. पाहुणे काय बोलत होते किंवा आपण काय नेसले होते, असे त्यांनी काही सांगितलेले दिसत नाही. म्हणजे बाहेर गेलेली माहिती वेळेची आणि माणसांच्या संख्येची आहे, चित्राची किंवा आवाजाची असल्याचे अजून तरी दिसत नाही. सोसायटीच्या फाटकावर पाहुण्यांची नोंद ॲपवर होते का? सदनिका त्या ॲपवर अजून मालकांच्या नावाने असेल तर प्रत्येक पाहुण्याची सूचना त्यांच्या फोनवर वाजत असण्याची शक्यता मला कॅमेऱ्यापेक्षा जास्त वाटते.


प्रतिसाद ३ : भाडेकरू_पौडरोड

दोघांचेही आभार. फाटकावर ॲप आहे, त्याचा मी या दिशेने विचारच केला नव्हता. सुरक्षारक्षकांकडे चौकशी करते. एक उपप्रश्न आहे. छुपा मायक्रोफोन असेल तर त्याला भिंग नसते, मग तो कसा शोधायचा? आणि पैसे देऊन घर तपासून देणाऱ्या संस्था असतात, त्यांच्याकडे जाणे योग्य ठरेल का?


प्रतिसाद ४ : निवृत्त_तारखाते

मी दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेला मनुष्य आहे, त्यामुळे मायक्रोफोनविषयी थोडे लिहितो.

बाजारात सर्रास मिळणारा प्रकार म्हणजे सिम कार्ड घातलेली काडेपेटीएवढी डबी. तिच्या क्रमांकावर बाहेरून फोन केला की ती घंटा न वाजवता उचलते आणि खोलीतले बोलणे ऐकू येते. ती जुन्या टूजी जाळ्यावर चालत असेल तर बोलत असताना सेकंदाला सुमारे २१७ वेळा लहरींचे झटके सोडते. जवळ एखादा साधा स्पीकर चालू असेल तर त्यात तो परिचित 'टिर्र टिर्र' खरखराट उमटतो. आपला फोन दुसऱ्या खोलीत असताना रिकाम्या खोलीतल्या स्पीकरमधून असा आवाज वारंवार येत असेल तर शोध घेण्यासारखे आहे. नुसते ध्वनिमुद्रण करून ठेवणारी डबी मात्र काहीच प्रक्षेपित करत नाही. आवाज झाल्यावरच जागी होणारी असेल तर कित्येक दिवस पडून राहते. ती शोधायची तर हातच लागतात. पलंगाच्या व टेबलाच्या खालच्या बाजू, सोफ्याचे अस्तर, पडद्यांचे पेल्मेट आणि कपाटाचा माथा या जागा बोटांनी चाचपून पाहाव्यात. डबी ठेवणाऱ्याला ती परत न्यायची असते, म्हणून ती फार खोल दडवलेली नसते.

व्यावसायिक तपासणीत कोणत्या वारंवारतेवर किती लहरी आहेत हे दाखवणारा स्पेक्ट्रम ॲनालायझर आणि अरेषीय संधिशोधक अशी दोन मुख्य साधने वापरतात. दुसरे साधन वस्तूवर रेडिओलहर टाकते आणि आत डायोड किंवा ट्रान्झिस्टर असल्यास मूळ लहरीच्या दुप्पट वारंवारतेचा प्रतिध्वनी ऐकते. त्यामुळे बंद पडलेले, बॅटरी संपलेले उपकरणही सापडते. गंजलेला खिळासुद्धा प्रतिध्वनी देतो, पण तो तिप्पट वारंवारतेवर अधिक जोरकस असतो आणि सरावलेल्या माणसाला हा फरक ओळखता येतो. असे साधन लाखांच्या घरात जाते. तपासायला येणारा मनुष्य आपल्या हातातल्यासारखेच वाजणारे यंत्र घेऊन आला तर त्याला दारातूनच परत पाठवावे. कोणती साधने आणणार आणि लेखी अहवाल देणार का, हे आधी विचारावे, आणि ते विचारण्यासाठी फोन त्या घरातून करू नये.

थोडे विषयांतर वाटेल, पण लहरी पकडणाऱ्या यंत्राच्या मर्यादा दाखवणारे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. १९४५ मध्ये सोव्हिएत मुलांच्या संघटनेने मॉस्कोतील अमेरिकी राजदूत ॲव्हरेल हॅरिमन यांना अमेरिकेच्या राजमुद्रेचे लाकडी शिल्प भेट दिले. ते राजदूतांच्या अभ्यासिकेत भिंतीवर टांगले गेले आणि १९५२ पर्यंत तेथेच राहिले. आत लिऑन थेरेमिन यांनी घडवलेले एक उपकरण होते, ज्याला बॅटरी नव्हती आणि तारही नव्हती. बाहेरून विशिष्ट वारंवारतेची लहर त्यावर टाकली की आतला पातळ पडदा बोलण्याने कंप पावे आणि परतणाऱ्या लहरीवर ते बोलणे स्वार होई. बाहेरची लहर बंद असताना कितीही तपासण्या केल्या तरी त्यात सापडण्यासारखे काही नसे. आपल्या मालकांकडे असे काही असेल असे मला मुळीच वाटत नाही; पण विजेचा माग काढण्याच्या वर दिलेल्या सूत्रालाही अपवाद असतो, म्हणून लिहिले.

पैसे खर्च करण्याविषयी माझे स्पष्ट मत असे, की भाडेकरूने त्या रकमेत घर बदलावे. स्वतःच्या मालकीचे घर, कौटुंबिक न्यायालयातील वाद किंवा धंद्यातील गुपिते असतील तर व्यावसायिक तपासणीला अर्थ आहे.


प्रतिसाद ५ : सनद_आणि_डगला

मी वकिली करते. कोणाला थेट सल्ला म्हणून नव्हे, तर सर्वसाधारण माहिती म्हणून पुढील मजकूर वाचावा.

काही सापडले तर पहिला मोह ते उचकटून काढण्याचा होतो, आणि पुरावा तेथेच बिघडतो. उपकरणाला हात न लावता त्याची छायाचित्रे आणि सलग व्हिडिओ घ्यावा, ज्यात ती वस्तू आणि खोलीतले तिचे स्थान दोन्ही दिसेल. भिंगासमोर कपडा टाकायला हरकत नाही. मेमरी कार्ड काढून आपल्या लॅपटॉपवर लावून पाहू नये, कारण फाइलींच्या तारखा त्याने बदलू शकतात आणि मग बचाव पक्षाला आयते कोलीत मिळते. घराबाहेर पडून ११२ वर फोन करावा. गुन्हा कोणत्या ठाण्याच्या हद्दीत घडला याचा विचार न करता कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आता तसे स्पष्ट म्हटले आहे, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खालची (ते पुढे दिले आहे) तक्रार महिलेने दिल्यास ती महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असते. झडती आणि जप्तीचे दृक्श्राव्य चित्रण करणे त्याच संहितेच्या कलम १०५ प्रमाणे पोलिसांना बंधनकारक आहे. आपल्या फोनमधली छायाचित्रे पुढे न्यायालयात दाखल करायची झाल्यास भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, म्हणून मूळ फाइली त्याच फोनमध्ये जपून ठेवाव्यात. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत म्हणजे मूळ फाइल नव्हे.

आता कलमांविषयी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये, म्हणजे पूर्वीच्या भारतीय दंड संहितेच्या ३५४ क मध्ये, खासगी कृत्यात असलेल्या महिलेला चोरून पाहणे, तिचे चित्रण करणे किंवा ते पसरवणे हा गुन्हा आहे. पहिल्या दोषसिद्धीला एक ते तीन वर्षे आणि पुन्हा केल्यास तीन ते सात वर्षे कारावास व दंड आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई ला स्त्री-पुरुष असा भेद नाही. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परंतु ही दोन्ही कलमे लोक समजतात तितकी व्यापक नाहीत. दोन्हींचा रोख शरीराच्या खासगी भागांवर आणि न्हाणीघर-शौचालयासारख्या प्रसंगांवर आहे. हॉलमध्ये पूर्ण कपड्यांत टीव्ही पाहत बसलेल्या व्यक्तीचे चोरून केलेले चित्रण या व्याख्यांत सरळ बसत नाही. महिलेच्या इंटरनेट किंवा इलेक्ट्रॉनिक संपर्काच्या वापरावर पाळत ठेवणे कलम ७८ खाली येऊ शकते, पण मालकाने स्वतःच्या राउटरची नोंद पाहिली एवढ्यावर ते लागू होईल असे मी म्हणणार नाही. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाचा दाखला अशा चर्चांत लगेच दिला जातो. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले हे खरेच. परंतु घरमालकाविरुद्ध ठाण्यात उभे राहिल्यावर उपयोगी पडतात ती वरची कलमे आणि आपला करारनामा.

म्हणून नवा करार करताना फर्निचरच्या यादीत इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद घालावी, तिचे खाते कोणाकडे राहील ते लिहावे आणि पूर्वसूचनेशिवाय मालकाने घरात प्रवेश करू नये अशी अट टाकावी. महाराष्ट्रात हा करार नोंदवणे बंधनकारक आहेच. मसुद्यात चार ओळी वाढवायला कोणी जादा पैसे घेत नाही.


प्रतिसाद ६ : कांदळवन

सुट्टीसाठी घर घेणाऱ्यांसाठी थोडी भर घालते. एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आत कॅमेरे ठेवण्यास जगभर मनाई केली आहे, मग ते उघड असोत वा छुपे; बाहेरचे कॅमेरे यजमानाने आधी जाहीर करावे लागतात. थेट फोनवर ठरवलेल्या लोणावळा-अलिबागच्या बंगल्यांना हा नियम अर्थातच लागू नाही, तेथे विचारूनच घ्यावे.

आणि छुप्या कॅमेऱ्याच्या शोधात उघड्या कॅमेऱ्याची दिशा पाहायला विसरू नये. २०१५ मध्ये गोव्यात कांदोळी येथील कपड्यांच्या दुकानात तत्कालीन केंद्रीय मंत्री स्मृती इराणी यांनी जो कॅमेरा दाखवून दिला, त्यात वादाचा मुद्दा दुकानातल्या कॅमेऱ्याचा रोख कपडे बदलण्याच्या खोलीकडे होता का, हाच होता. आपल्या मजल्यावरच्या सोसायटीच्या कॅमेऱ्याचा कोन दार उघडल्यावर हॉलमध्ये कोठपर्यंत जातो, हे सचिवांकडे जाऊन पडद्यावर पाहण्याची मागणी करायला संकोच बाळगू नये.


प्रतिसाद ७ : भाडेकरू_पौडरोड

सर्वांनी सांगितल्याप्रमाणे तपासणी केली, तिचा वृत्तान्त देत आहे.

फाटकावरच्या ॲपमध्ये सदनिका मालकांच्या नावाने आहे आणि माझे नाव भाडेकरू म्हणून नंतर जोडलेले आहे. व्यवस्थापकांनी दाखवले, की पाहुणा आला की सूचना आम्हा दोघांनाही जाते. पाहुण्यांचे कोडे तेथे सुटले.

राउटरच्या यादीत माझा फोन, माझा लॅपटॉप आणि 'ईएसपी' या अक्षरांनी सुरू होणारे एक अनोळखी नाव होते. न्हाणीघराबाहेरचा गिझरचा स्विच बंद केल्यावर थोड्या वेळाने ते नाव गेले, चालू केल्यावर परत आले. गिझरचा प्लग भिंतीतल्या सॉकेटमध्ये थेट नसून मध्ये एक जाडसर पांढरा ॲडॉप्टर आहे आणि त्याच्या कडेला बारीक निळा दिवा आहे. त्यावर भिंग किंवा छिद्र टॉर्चने दिसले नाही.

स्मोक डिटेक्टर सोसायटीच्या वायरमनसमोर उतरवला. आत नऊ व्होल्टची बॅटरी आहे, बाहेरून एकही तार आलेली नाही आणि बटण दाबल्यावर कानठळ्या बसतील असा आवाज होतो. घड्याळात टॉर्चने काही दिसले नाही, तरी ते प्लगमधून काढून लॉफ्टवर ठेवले आहे.

तो पांढरा ॲडॉप्टर नेमका काय असावा आणि मालकांशी याविषयी कसे बोलावे?


प्रतिसाद ८ : पॅकेटमोजणी

तो वायफायवर चालणारा स्मार्ट प्लग आहे, याविषयी मला फारशी शंका नाही. एस्प्रेसिफ या कंपनीच्या चिपा अशा प्लगांत, दिव्यांत आणि स्विचांत सर्रास असतात आणि त्यांचे मूळ नाव असेच सुरू होते. मालकांनी तो बहुधा वीजबिलासाठी किंवा गिझर चालू राहू नये म्हणून पूर्वी बसवला असेल. पण ज्याच्या फोनमध्ये त्याचे ॲप आहे, त्याला गिझर किती वाजता चालू झाला आणि किती वाजता बंद झाला याची तारीखवार नोंद दिसते; काही प्लगांत किती वीज खर्च झाली तेही दिसते. पहाटे पाच वाजता गिझर लागला, तर माणूस पाच वाजता उठला. आठवडाभर लागलाच नाही, तर घर रिकामे आहे. हे कॅमेऱ्याइतके किळसवाणे नसले तरी घरात कोणी आहे की नाही हे एका तिऱ्हाइताला कळत राहणे मला क्षुल्लक वाटत नाही, विशेषतः त्याच्याकडे घराची दुसरी किल्ली असताना.

प्लग काढून गिझर थेट १६ अँपिअरच्या सॉकेटला जोडता येतो. वायरमनकडून करून घ्यावे. प्लगमधल्या चालू-बंदच्या इतिहासाला हात न लावता तो तसाच परत द्यावा. इंटरनेटची वेगळी जोडणी स्वतःच्या नावाने घेऊन मालकांचा राउटर बंद करून ठेवावा, म्हणजे यादीत पुन्हा काय येते-जाते याची चिंता उरणार नाही. घर बदलण्याआधी आपल्या फोनची खातीही पाहावीत. गुगल खात्यात साइन इन असलेली उपकरणे, व्हॉट्सॲपमधली जोडलेली उपकरणे आणि नकाशावर कोणाला स्थान दिसते, या तीन जागा तपासाव्यात. बॅगेत किंवा गाडीत ठेवल्या जाणाऱ्या ब्लूटूथ टॅगविषयी अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही आता आपोआप सूचना देतात, तो पर्याय चालू असल्याची खात्री करावी.


प्रतिसाद ९ : सनद_आणि_डगला

मालकांशी फोनवर न बोलता ईमेलने लिहावे. पत्रात 'पाळत' किंवा 'हेरगिरी' असे शब्द घालू नयेत, कारण आज आपल्या हातात हेतूचा पुरावा नाही आणि आरोपाला उत्तर म्हणून अनामत रकमेचा वाद सुरू होतो. गिझरला जोडलेला वायफाय प्लग, राउटर आणि घड्याळ या तीन वस्तू मला नको आहेत, त्या अमुक तारखेला परत नेण्याची व्यवस्था करावी, असे छायाचित्रांसह लिहावे. घरात इंटरनेटला जोडलेले आणखी कोणतेही उपकरण असल्यास त्याची लेखी माहिती सात दिवसांत द्यावी, असे एक वाक्य अवश्य घालावे. पुढे काही सापडलेच तर या वाक्याला आलेले उत्तर, किंवा उत्तर न येणे, यालाच सर्वाधिक वजन राहील. फाटकाच्या ॲपवर मालकांना जाणाऱ्या सूचना बंद करण्याचा अर्ज सोसायटीच्या सचिवांकडे स्वतंत्रपणे द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.